मदत हवी आहे: रास्पबेरी पाय झीरोच्या हँडहेल्ड कन्सोलमध्ये बॅटरीचा स्विच नक्की कुठे बसवायचा?

मंडळी, हार्डवेअरवाल्यांची मदत हवीये. भाच्यासाठी (वय ९) हातात धरून खेळायचं गेम कन्सोल बनवतोय आणि काम पॉवरपाशी येऊन अडकलंय. स्क्रीन, बटणं, आवाज सगळं नीट आहे, ॲडाप्टरवर तासन्‌तास चालतं, बॅटरीवर घेतलं की त्रास सुरू.

आत काय काय आहे ते आधी सांगतो. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (एकाच छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर), त्यावर रेट्रोपाय (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर), २.८ इंची एसपीआय स्क्रीन (आयएलआय ९३४१ वाली, ३२० बाय २४०), आवाजाला पीएएम ८४०३ चा छोटा ॲम्प आणि एकच स्पीकर. बॅटरी म्हणजे १८६५० चा एक सेल (रिचार्ज होणारा लिथियमचा), २६०० एमएएच, होल्डरमध्ये. सेलवरून टीपी ४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल (प्रोटेक्शनवालं, ज्याला बॅटरीचे आणि आउटपुटचे वेगळे पॅड असतात ते), त्याच्या आउट प्लसवरून छोटा सरकता स्विच, मग एमटी ३६०८ बूस्ट (सेलचं व्होल्टेज वाढवून ५ करणारं मॉड्यूल) आणि तिथून झीरोच्या ५ व्होल्टच्या पिनला. बूस्ट झीरोला जोडायच्या आधीच मल्टीमीटर लावून ५.१ वर सेट केलाय आणि पेच हलू नये म्हणून नेलपॉलिशचा थेंब टाकलाय.

आता होतं असं की सेल फुल असेल तर सगळं ठीक, पण थोडा उतरला की गेम लोड होताना, त्यातही आवाज मोठा असला की स्क्रीन लुकलुकते आणि कधी कधी आख्खं रिस्टार्ट. मल्टीमीटर बूस्टच्या आउटपुटला लावला तर ५.०५ च्या आसपास दाखवतो, म्हणजे मीटरच्या हिशोबाने काहीच बिघडलेलं नाही.

दुसरा प्रश्न स्विचचाच. मी स्विच टीपी आणि बूस्टच्या मध्ये टाकलाय, पण कुणी सांगतं सेल आणि टीपीच्या मध्ये टाक, कुणी म्हणतं बूस्टच्या नंतर. बरोबर जागा कुठली आणि का, हे समजून घ्यायचंय, नुसतं 'असं कर' नकोय.

आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. मूळ गेम बॉय (१९८९ चा, चार एए सेलवाला) खटकन बंद केला तरी ऑपरेटिंग सिस्टिम बिघडायचा प्रश्नच नव्हता, कारण गेम कार्ट्रिजच्या रॉममध्ये. इथे एसडी कार्डवर लिनक्स आहे, लिहिणं चालू असताना पॉवर गेली की कार्ड करप्ट व्हायची भीती. नऊ वर्षांच्या पोराला मेन्यूत जाऊन शटडाउन कर आणि मग स्विच बंद कर असं सांगणं मला पटत नाही, त्याने स्विच सरकवला की झालं पाहिजे. हे जमतं का?

---

प्रतिसाद:

व्यवस्थित माहिती दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. आधी स्क्रीन लुकलुकण्याबद्दल.

५ व्होल्टची लाइन क्षणभर खूप खाली गेली की असं होतं. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, मिलिसेकंदाचा खड्डा त्याला दिसत नाही, त्यामुळे ५.०५ वर विसंबू नका. हिशोब करून बघू. झीरो, स्क्रीन आणि ॲम्प मिळून ५ व्होल्टला समजा ०.८ अँपिअरची उसळी घेतात, म्हणजे ४ वॉट. बूस्ट ८५ टक्क्यांचा धरला तर सेलकडून ४.७ वॉट ओढले जाणार. सेल ४.२ वर असताना हा करंट १.१ अँपिअर होतो, ३.४ वर आला की १.४. म्हणजे सेल जितका उतरेल तितका बूस्ट जास्त ओढतो, आणि जितका जास्त ओढेल तितकं वाटेतल्या वायरी नि स्विचमध्ये व्होल्टेज जास्त पडतं, की तो अजून ओढतो. तुमचं रिस्टार्ट नेमकं सेल उतरल्यावर होतंय ते याचमुळे.

आता वाटेत काय काय आहे बघा. ते छोटे सरकते स्विच पाव ते अर्ध्या अँपिअरचे असतात, तुम्ही त्यातून दीड नेताय. २८ एडब्ल्यूजीच्या (हे जाडीचं माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक) वायरचा रेझिस्टन्स मीटरला ०.२१ ओहम, जाऊन येऊन ४० सेंटीमीटर झाली तरी १.४ अँपिअरला ०.१२ व्होल्ट तिथेच गेले. वर टीपीवरच्या प्रोटेक्शन मॉस्फेटचे (मॉस्फेट म्हणजे व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) आणि होल्डरच्या स्प्रिंगचे वेगळेच.

एक टेस्ट करा, गेम चालू असताना मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन चालू पिनांवर लावा. शून्याच्या जवळ यायला हवं. मग वायरचा तुकडा घेऊन स्विच शॉर्ट करा (फक्त स्विचच्याच दोन पिना, सेलच्या नाही) आणि स्क्रीन लुकलुकायची थांबते का सांगा. त्याशिवाय बूस्टच्या आउटपुटला, झीरोच्या जितकं जवळ जमेल तितकं, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा १० व्होल्टचा लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कॅपॅसिटर लावा.

स्विचच्या जागेबद्दल: सेल आणि टीपीच्या मध्ये नको. स्विच बंद असताना चार्जिंगच होणार नाही, आणि काही प्रोटेक्शन बोर्ड सेल तोडून परत जोडला की चार्जर लावेपर्यंत आउटपुटच देत नाहीत. बूस्टच्या नंतर टाकला तर करंट कमी जातो हे खरं, पण कन्सोल बंद असतानाही बूस्ट चालू राहून सेल थोडा थोडा खात बसतो. तुमची जागाच बरोबर आहे, फक्त तो स्विच तिथल्या करंटला पुरत नाही.

अजून एक, कुणी बूस्टच्या एनेबल पिनवर (चिप चालू-बंद करणारी पिन) स्विच टाकायला सांगेल. एमटी ३६०८ ला ते चालत नाही. हा साधा बूस्ट आहे, चिप बंद केली तरी कॉइल आणि डायोडमधून सेलचं व्होल्टेज सरळ आउटपुटला जातं, झीरोला तीन-साडेतीन व्होल्ट मिळत राहतात. ॲडाफ्रूटच्या पॉवरबूस्ट १००० सी मध्ये बंद केल्यावर लोड खरंच तुटतो, तिथे एनेबलवरचा छोटा स्विच चालतो. पण तो महाग आहे.

---

दुसरा प्रतिसाद:

मी सेलबद्दल बोलतो कारण हे मुलाच्या हातात जाणारे. सेलवर ९९०० एमएएच वगैरे लिहिलेलं असेल तर घेऊच नका, सहज मिळणारे चांगले १८६५० साडेतीन हजारच्या आसपास संपतात, तुमचा २६०० वाला आकडा खरा वाटतो. होल्डर वापरलात ते उत्तम, सेलवर थेट सोल्डरिंग कधीच करू नका, टॅबवाला सेल मिळतो तो घ्या हवं तर.

केस थ्रीडी प्रिंट आहे का? पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) असेल तर ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. टीपी ४०५६ लिनियर चार्जर आहे, ५ व्होल्टातून सेलचे ३.७ वजा करा, १ अँपिअरला १.३ वॉटची उष्णता होते ती बंद डब्यात. मॉड्यूलवर १.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर असतो तो बदलून २ के लावा, करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो. चार्जिंगला वेळ लागेल पण हात लावला तर चटका बसणार नाही.

आणि चार्जिंग चालू असताना खेळणं या जोडणीत टाळा. टीपी चार्ज करंट दहाव्या भागावर आला की सेल भरला असं समजतो, लोड चालू असेल तर करंट तिथपर्यंत उतरतच नाही आणि फुल झालेल्या सेलवर ४.२ व्होल्ट लागूनच राहतात.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. टेस्ट केली. अर्ध्या उतरलेल्या सेलवर स्विचच्या पिनांवर ०.२३ व्होल्ट आले, आवाज वाढवला की अजून वर जातात. स्विच शॉर्ट केल्यावर स्क्रीन लुकलुकली नाही, सेल अजून बराच उतरल्यावर एकदा लुकलुकली पण रिस्टार्ट नाही. कॅपॅसिटर आणि २२ एडब्ल्यूजीची सिलिकॉन वायर शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणतो. केस पीएलएच आहे, त्यामुळे २ के चा रेझिस्टरही यादीत टाकला.

आता मोठा रॉकर स्विच टाकला तर करंटचं काम होईल, पण केसमध्ये जागा नाही आणि तिसरा प्रश्न तसाच राहतो. त्यावर काही?

---

पहिला प्रतिसाददाता:

०.२३ म्हणजे दोषी सापडला. आता दोन्ही कामं एकदमच करू. करंट स्विचमधून न्यायचाच नाही, पी चॅनल मॉस्फेटमधून न्यायचा. एओ ३४०१ घ्या, सेलच्या व्होल्टेजवर पुरेसा उघडतो. सोर्स टीपीच्या आउट प्लसला, ड्रेन बूस्टच्या इनपुटला, गेट आणि सोर्सच्या मध्ये १०० के. गेट ग्राउंडला ओढला की चालू, सोडला की बंद. सोर्स-ड्रेन उलटे लावलेत तर आतल्या डायोडमधून कायम चालू राहील, तेवढं जपा.

आता सरकता स्विच दोन पोलचा घ्या, सहा पिनांचा मिळतो. पहिला पोल: 'चालू' बाजूला गेट ग्राउंडला जोडतो. दुसरा पोल: 'बंद' बाजूला झीरोची एक रिकामी जीपीआयओ पिन (सॉफ्टवेअरला वाचता-बदलता येणारी), समजा १७, ग्राउंडला जोडतो. शिवाय एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कलेक्टर गेटला, एमिटर ग्राउंडला, बेस १० के मधून जीपीआयओ २६ ला.

कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओव्हरले (पिनांचं काम ठरवणाऱ्या ओळी) टाका. जीपीआयओ शटडाउनचा, पिन १७ देऊन, आणि जीपीआयओ पॉवरऑफचा, पिन २६, ॲक्टिव्ह लो करून. मग होतं असं: स्विच चालू केला की गेट ग्राउंडला, बोर्ड बूट होतो आणि २६ हाय करून स्वतःच गेट धरून ठेवतो. भाच्याने स्विच बंद केला की पहिला पोल गेट सोडतो, पण ट्रान्झिस्टरने धरलेलंच असतं त्यामुळे पॉवर जात नाही, दुसरा पोल झीरोला शटडाउन सांगतो, झीरो सगळं लिहून बंद होतो, २६ लो होते आणि मॉस्फेट बंद. त्याला फक्त स्विच सरकवायचाय.

शटडाउनला डीफॉल्ट जीपीआयओ ३ असते, ती इथे वापरू नका. एरवी तिला ग्राउंड मिळालं की बंद झालेला बोर्ड परत जागा होतो. बूट पूर्ण व्हायच्या आत स्विच बंद केला तर मात्र पॉवर लगेच जाईल, कारण २६ अजून हाय झालेली नसते. एवढं त्याला सांगून ठेवा, की मेन्यू दिसेपर्यंत थांब.

---

धागाकर्ता:

हे अगदी हवं तसं आहे!! आकृती कागदावर काढली, दोनदा वाचून जुळवली. एकच शंका, बेसला १० के ऐवजी ४.७ के चालेल का, घरात तेच आहेत.

---

पहिला प्रतिसाददाता:

चालेल, ४.७ के ने अर्धा मिलिअँपिअर जाईल, पिनला काही नाही त्याचं. गेट-सोर्समधला मात्र १०० के च ठेवा, आणि पहिल्यांदा चालू करताना झीरो न जोडता बूस्टच्या आउटपुटला ५.१ येतात आणि स्विच बंद केल्यावर शून्यावर जातात ना ते बघा, मगच झीरो लावा.