पेरू: देशाचे नाव की नासपतीचे?

पेरू हे फळ पेरू देशातून आले म्हणून त्याला पेरू म्हणतात, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो, पण मला तो पटत नाही. झाड मूळचे उष्ण अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर इकडे आले, इथवर ठीक. शब्द मात्र पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती यावरून आला असावा. कोंकणीत या फळाला ‘पेर’ म्हणतात आणि बंगालीत ‘पेयारा’. देशाचे नाव असते, तर ‘पेर’मधला ‘उ’ गेला कुठे?

गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगीज पेरूला ‘गोयाबा’ म्हणतात. नासपतीचे नाव त्याला आपल्याकडे चिकटले.

याहून मोठा पुरावा हिंदीत आहे. ‘अमरूद’ हा शब्द फारसीतला, आणि फारसीत त्याचा अर्थ नासपतीच! म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या शब्दांनी नव्या फळाला एकाच जुन्या फळाचे नाव दिले. मला हे फार सुंदर वाटते. काही पेरू देठाकडे निमुळते असतात, आणि दोन्ही फळांचा गर दाताखाली रवाळ लागतो, कारण दोन्हींत कठीण भित्तिकांच्या पेशी असतात. लोकांनी चवीने ओळखलेले साम्य असेल हे.