प्रोजेक्टसाठी माहिती अधिकार: अर्ज कधी टाकायचा
पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी "अधिकारी बोलत नसतील तर सरळ आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका" असा सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे, फक्त कधी टाकायचा ते राहतं. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट असो की मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी हा माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम, सेमिस्टर हातात जेमतेम चार महिने. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याच्या निकालाला आणखी ३० ते ४५ दिवस. म्हणजे विषय ठरला त्याच आठवड्यात अर्ज गेला पाहिजे. सबमिशनच्या तोंडावर टाकलेला अर्ज नुसता पोच मिळवण्यापुरता.

महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "रस्ता का खचला?" असं विचारलं की "माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" हे ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि अदा केलेली देयकं (बिलं) यांच्या प्रती मागा, कालावधी तारखेसह लिहून. माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही (माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२)), त्यामुळे कॉलेजचं पत्र जोडत बसू नका.

घाई असेल तर जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिका-नगरपालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली पाहता येतात, २०१८ चा शासन निर्णय आहे. त्याची प्रिंट बरोबर ठेवा. टेबलावर बऱ्याचदा तो कोणी वाचलेलाच नसतो.