एरर नाणं घेऊ का चांगल्या ग्रेडचं साधं?

रंकाळा_नाणी: सल्ला पाहिजे. चार वर्षं नाणी जमवतोय, पाच हजार बाजूला ठेवलेत आणि दोन नाण्यांत जीव अडकलाय. एक एरर, म्हणजे टाकसाळीत ठोकताना चुकलेलं: पाच रुपयाचं जुनं जाड कॉपर-निकेलचं, ऑफ-सेंटर, छाप एका अंगाला सरकलाय आणि कडेला चंद्रकोरीएवढी कोरी पट्टी राहिलीय. दुसरा १९१८ चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया, विकणारा यूएनसी, म्हणजे अजिबात न वापरलेला म्हणतोय. घरचे म्हणतात चांदी घे. दोन्ही काय परवडणार नाहीत.

शिवराई_वेडा: भावा, १९१८ चा रुपया लई मिळतो, त्यात पैसे द्यायचे ते ग्रेडचेच, म्हणजे नाणं किती कमी झिजलंय त्याचेच. राजाचा गाल, मिशी आणि गळ्यातल्या साखळीचा हत्ती भिंगानं बघ, घासायला सुरुवात तिथनंच होते. मग दिव्याखाली तिरका धरून फिरव, खऱ्या यूएनसीवर उजेडाचा पट्टा चाकागत फिरतो, पॉलिश मारलेला नुसताच चकाकतो. मी आज्जीच्या बटव्यातला रुपया चिंच लावून घासला होता, किती छान दिसतोय म्हणून खूश झालो, गुजरीत सराफाला दाखवायला नेला तर चांदीचाच भाव सांगितला. ११.६६ ग्रॅम वजन तसंच होतं, पण संग्रहातली किंमत गेली ती गेलीच. अजून वाईट वाटतं.

ठोका_चुकला: मी एररवाला, म्हणून माझं मत तिकडंच जाणार. नाणं ठोकताना चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिला कडेनं धरणाऱ्या कड्यात, नीट बसली नाही की छाप सरकतो, आणि बाहेर राहिलेला धातू पसरतो म्हणून खरं ऑफ-सेंटर नाणं पुरतं गोल नसतं. वजन मात्र पूर्ण भरतं. ते जुनं पाच रुपयाचं ९ ग्रॅमचं, कानस मारली असेल तर काट्यावर लगेच कळतं. लखी म्हणून अजून एक एरर असते, त्यात आधीचं नाणं डायला, म्हणजे छापाच्या ठशाला, चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याच बाजूची उलटी, खोलगट छाप उठते. पण दोन नाणी शिकंज्यात दाबून पण लखी बनवतात, तिची मागची बाजू चेपलेली असते ती बघायची. आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात असल्या जाहिरातींच्या नादी लागू नका, ती एरर पण नाहीत आणि दुर्मिळ पण नाहीत. जुन्या नाण्यांच्या नावानं कमिशन मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सावध केलंय.

शिवराई_वेडा: हे पटलं. फक्त एररला ठरलेला भाव नसतो, विकायला गेलास तर गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल एवढं लक्षात ठेव.

रंकाळा_नाणी: काल भिंग आणि छोटा काटा घेऊन गेलो. रुपयाच्या मोकळ्या जागेत बारीक बारीक समांतर रेघा, कुणीतरी फडक्यानं घासलाय. पाच रुपयाचं ९ ग्रॅम भरलं, कडेला कानशीची खूण नाही, कोऱ्या पट्टीकडं जरा लांबट झालंय. विकायचं नाहीच म्हटल्यावर घेऊन टाकलं. आता ठेवायला पीव्हीसी नसलेलं पाकीट कोल्हापुरात कुठं मिळेल?