पुण्यातली कॅज्युअल इटालियन रेस्टॉरंटं: पास्ता लगदा, लझान्या गार, वर सर्व्हिस चार्ज!

लसूणप्रेमी
सरळ मुद्द्यावर येतो. बाणेर, औंध, विमाननगर, कल्याणीनगर, कुठेही जा, गेल्या काही वर्षांत जी कॅज्युअल इटालियन रेस्टॉरंटं उगवलीयेत त्यातल्या बहुतेकांना साधं स्पॅगेटी आलियो ओलियो जमत नाही. त्या डिशमध्ये आहेच काय? स्पॅगेटी, लसूण, ऑलिव्ह ऑइल, सुकी मिरची, वर थोडी पार्सली, संपलं. चूक झाकायला ना चीज ना क्रीम. लसूण मंद आचेवर फिकट सोनेरी करायचा, पास्ता उकळलेलं पिठूळ पाणी पळीभर घालायचं आणि पॅन हलवत राहायचं, म्हणजे तेल नि पाणी मिळून येतं आणि स्पॅगेटीला धरून राहतं. कला एवढीच.

परवा शनिवारी एका ठिकाणी (नाव देत नाही, कारण भांडण एका जागेशी नाहीये) काय आलं बघा. लसणाचे काळे कडू तुकडे, प्लेटमध्ये खाली तेलाचं तळं, वरून ओरेगॅनोचा सडा आणि स्पॅगेटी इतकी मऊ की काट्याला गुंडाळायला गेलं की तुटतेय. ५४५ रुपये फक्त. बायकोचा लझान्या (पास्त्याच्या पट्ट्या नि सॉसचे थर लावून भाजतात तो) कडेला उकळता आणि मधे गार, म्हणजे मायक्रोवेव्हमधून थेट टेबलावर. तिरामिसू, म्हणजे कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचं इटालियन गोड, म्हणून काचेच्या बरणीत व्हॅनिला केक आणि व्हिप्ड क्रीम, कॉफी बहुतेक शेजारच्या टेबलावर गेली असावी. वेटरला सांगितलं तर म्हणे, "सर, सगळ्यांना असंच आवडतं." आणि बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्याच्यावर जीएसटी.

आधीच सांगतो, मी अस्सल इटालियनचा सोवळेपणा पाळणारा नाही, पास्त्यात स्वीट कॉर्न घाला, पनीर घाला, माझं काही जात नाही. पण गरम पदार्थ गरम आणि शिजवायचा तेवढाच शिजवून द्या ना राव. उडप्याकडे ऐंशी रुपयांच्या डोशालाही हे मिळतं, मग साडेपाचशेला का नाही?

बाणेरकर_नवा
प्रचंड असहमत. शनिवारी रात्री साडेआठला, बाहेर वीस माणसं नाव लिहून उभी असताना जायचं आणि मग लसूण किती सोनेरी ते बघायचं? आणि ते डोशाचं उदाहरण तर पूर्ण गंडलंय. उडप्याकडे दिवसाला शेकड्यांनी एकच पदार्थ निघतो, माणूस पंधरा मिनिटांत उठतो, टेबल परत भरतं. इथे तुम्ही दोन तास एसीत बसणार, मुलं खुर्च्यांवर चढणार, फोटो काढणार, पाणी मात्र "रेग्युलर". बाणेरला मेन रोडवर भाडी काय आहेत एकदा चौकशी करा. ५४५ हे स्पॅगेटीचे नसतात हो, जागेचे असतात.

टवाळ
मग मेनूवर तसं लिहा, "खुर्ची ३००, एसी १५०, स्पॅगेटी ९५". आपण आपापलं काय हवं ते मागवू.

जुना_कॉमी
हॉटेल मॅनेजमेंट केल्यावर काही वर्षं पास्ता स्टेशनवर घासलीयेत, म्हणून लिहितो, दोन्ही बाजूंना राग येईल.

पाकिटातली स्पॅगेटी कच्ची टाकली तर नऊ ते अकरा मिनिटं लागतात. शनिवारी एका वेळी पंधरा केओटी (किचनमध्ये येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) लागलेल्या असतात, आठ जणांच्या टेबलावर आठ वेगळे पास्ते, त्यात एक जैन, एक "कमी तिखट", एक "एक्स्ट्रा चीज पण क्रीम नको". त्यामुळे दुपारीच पास्ता अर्धवट उकळून, ट्रेवर पसरून गार करून, तेलाचा हात लावून पोर्शन करून ठेवतात. यात काही पाप नाही, बऱ्याच चांगल्या किचनमध्येही हेच होतं. ऑर्डर आली की जाळीच्या बास्केटमधून मिनिटभर उकळत्या पाण्यात आणि मग सॉसच्या पॅनमध्ये.

घोळ कुठे होतो सांगतो. एक, दुपारीच तो पूर्ण शिजवतात, म्हणजे रात्री लगदा होणारच. दोन, तेल जास्त लावतात, मग सॉस निसटतो, तुमच्या प्लेटमधलं तळं ते हेच. तीन, गॅस वाचवायला ते उकळतं पाणी ठेवतच नाहीत, मग पिठूळ पाणी आणायचं कुठून, साध्या पाण्याचा हबका मारतात. बाकी लसूण जळला ती आचारी पोराची घाई, पॅन धुरावला असताना लसूण टाकला की तो काळाच होणार.

आता दुसरी बाजू. आम्ही नवीन शेफच्या नादानं पास्ता थोडा दाताला लागेल असा द्यायला लागलो, तर रोज प्लेटा परत. "कच्चा आहे, शिजवून आणा." मालकानं आठवड्यात फतवा काढला, मऊच द्या. मऊ पास्ता परत आलेला मी कधी पाहिला नाही. म्हणजे "सगळ्यांना असंच आवडतं" हे तुमचा वेटर खोटं बोलत नव्हता.

लसूणप्रेमी
जुना_कॉमी, माहितीबद्दल आभार, पण यातून तर माझंच म्हणणं सिद्ध होतंय. तेल कमी लावणं आणि पाण्याचं पातेलं उकळतं ठेवणं याला भाडं आडवं येत नाही. आणि "गिऱ्हाईक मऊ मागतं" हे मान्य, मग ऑर्डर घेताना विचारा की, मऊ हवा का थोडा कडक? चहा घेताना साखर विचारतात, स्टेक असेल तर विचारतात, पास्त्यालाच काय झालं? लझान्याचं तर तुम्ही काही बोललाच नाहीत.

चिंचगुळ
मला हा धागा थोडा आगाऊ वाटतोय, हलकेच घ्या. आम्ही महिन्याकाठी अशा एका ठिकाणी जातो, सासूबाईंपासून लेकीपर्यंत सगळे. सासूबाईंना कांदा-लसूण न घातलेलं मिळतं, लेकीला टोमॅटो-क्रीमचा पिंक सॉस पास्ता, नवऱ्याला पिझ्झा, आणि मला एक संध्याकाळ ओट्याशी उभं राहावं लागत नाही. पास्ता मऊ असतो म्हणूनच सासूबाईंना चावतो! तुमचं ते दाताला लागणारं प्रकरण त्यांच्या कवळीला विचारून बघा.

आणि पिंक सॉसला नावं ठेवणाऱ्यांची मला गंमत वाटते. गाड्यावरच्या मंचुरियनला कुणी चीनचा पासपोर्ट विचारत नाही, मग आमच्या पेने पास्त्यानंच काय घोडं मारलंय?

लसूणप्रेमी
पिंक सॉसला मी कुठे नावं ठेवली? स्वीट कॉर्नसुद्धा चालतं असं लिहिलंय. वाचा तरी.

पो_नदीकाठून
उत्तर इटलीत राहते, नोकरीनिमित्त. थोडं इकडचं सांगते म्हणजे दोन्ही बाजूंचे गैरसमज जातील.

पहिलं म्हणजे इटलीत वाईट पास्ता मिळत नाही हा निव्वळ भ्रम आहे. रोम किंवा व्हेनिसला पर्यटकांच्या चौकात फोटोवाला मेनू घेऊन बाहेर उभे असतात ना, तिथे मी जो लझान्या खाल्लाय तो लसूणप्रेमींच्या लझान्याचा सख्खा भाऊ शोभेल. कडेला उकळता, मधे गार, सेम टू सेम.

दुसरं, क्रीमचं. आज इथले लोक कार्बोनारात क्रीम म्हटलं की अंगावर येतात, अंडं, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि मिरी, बास, असं सांगतात. पण ऐंशीच्या दशकात इथेच क्रीमचा सुळसुळाट होता, टोमॅटो, क्रीम आणि व्होडका घातलेलं पेने तेव्हा सगळीकडे मिळायचं. म्हणजे चिंचगुळ, तुमच्या लेकीच्या पिंक सॉसला इटलीतच एक मावशी आहे. उलट आल्फ्रेडो म्हणून भारतात जो पांढरा दाट सॉस देतात तो इथे कुणी ओळखणारही नाही. रोमच्या आल्फ्रेडो दि लेलियो या हॉटेलवाल्यानं केलेल्या पास्त्यात फक्त लोणी आणि पार्मेजान चीज होतं, क्रीम घातलं ते अमेरिकेत.

पण पास्ता किती शिजवायचा यावर मात्र इथे कुणी तडजोड करत नाही. कारखान्याच्या कँटीनमध्येसुद्धा जास्त शिजला तर लोक ताट सरकवतात. आणि प्लेट ८० ते १०० ग्रॅम कोरड्या पास्त्याची असते, कारण त्यानंतर दुसरी डिश यायची असते. आपल्याकडे परातभर पास्ता एकाच बैठकीत संपवायचा असतो, तो शेवटी थंड आणि चिकट होणारच.

बाणेरकर_नवा
हे घ्या! इटलीत पण गार लझान्या मिळतो. आणि तिकडे तर बसायचे पण पैसे घेतात म्हणे, कोपेर्तो का काय ते. इथे १० टक्के घेतले की लगेच अन्याय.

पो_नदीकाठून
घेतात, बऱ्याच ठिकाणी माणशी दोन-तीन युरो, पण ते मेनूवर छापलेलं असतं आणि टेबलावर पाव येतो. बिल आल्यावर कळत नाही.

नियमवाला
बाणेरकर, तुलना चुकतेय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यानुसार हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, वेगळ्या नावानंही घ्यायचा नाही, गिऱ्हाइकावर सक्ती करायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, बराच काळ स्थगिती होती, पण २८ मार्च २०२५ ला कोर्टानं सूचना कायम ठेवल्या आणि याचिका करणाऱ्या दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा दंड लावला. त्याविरुद्ध अपील झालंय ते वेगळं. तोवर तुम्ही "काढा" म्हणू शकता. नाही काढला तर १९१५ हेल्पलाइन आहे. वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, शांतपणे बिल परत द्यायचं, बहुतेक ठिकाणी मॅनेजर मुकाट्यानं नवीन प्रिंट काढून आणतो. कारण त्यालाही माहीत असतं.

लसूणप्रेमी, तुम्ही भरलात का?

लसूणप्रेमी
भरला. मुलाला झोप आली होती आणि बायको डोळे वटारत होती. पण त्यानं मुद्दा बदलत नाही.

टवाळ
म्हणजे तिथे वेटरपुढे तोंड उघडलं नाही आणि इथे लेख. अस्सल!

लसूणप्रेमी
टवाळ, पास्त्याबद्दल सांगितलंच होतं तिथे, वर लिहिलंय. बाकी अस्सल तर अस्सल.

जुना_कॉमी
सर्व्हिस चार्जबद्दल एक सांगू का, आमच्याकडे त्यातला काही भाग खरंच पोरांमध्ये वाटला जायचा. आत भांडी घासणाऱ्याला टीप कोण देतं? वेटरला मिळते, त्याच्यापर्यंत नाही पोचत. काही मालक सगळा गिळतात हेही खरं. त्यामुळे काढायला लावलात तर निदान हातात काहीतरी ठेवून जा, एवढीच विनंती.

लझान्याबद्दल म्हणत होतात. तिथे बचाव नाही. तो सकाळी मोठ्या ट्रेमध्ये भाजून, कापून, फ्रिजमध्ये ठेवतात, ते ठीकच, पण नंतर झाकून ओव्हनमध्ये वीस मिनिटं द्यायला पाहिजे. तेवढा वेळ कुणी देत नाही. आत सुरी खुपसून पातं हाताच्या पाठीला लावलं की कळतं गरम झालाय का नाही. तेही केलं नाही म्हणजे आळसच.

बन्सी_रवा
उशिरा येतोय, पण मूळ कच्च्या मालावर कुणीच बोललं नाही. इटलीत १९६७ पासून कायद्यानं तिथे बनणारा वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच लागतो. तो गहू कडक, प्रथिनं जास्त, म्हणून पास्ता पाण्यात फुगून फुटत नाही. स्वस्तातल्या पास्त्यात मैदा किंवा साधा गहू मिसळला असेल तर कितीही नीट उकळा, दोन मिनिटं इकडे-तिकडे झाली की गिचका. पाकिटाच्या मागे वाचा, आणि उकळल्यावर पाणी फार दुधाळ झालं तर समजा.

गंमत म्हणजे ड्युरम आपल्याला परका नाही, आपला बन्सी गहू तोच. ज्या रव्याचा उपमा दाणेदार होतो त्याच रव्याचा पास्ता उत्तम होतो. आमच्या घरी आई बन्सीच्याच शेवया करायची, त्या कधी चिकटल्या नाहीत. मग एवढ्या मोठ्या हॉटेलांना घाऊक बाजारातला सगळ्यात स्वस्त पास्ताच का लागतो? एका प्लेटमागे दहा रुपये वाचवायला?

बाणेरकर_नवा
आला, "आमच्या घरी" आलाच! मग घरीच जेवा ना सगळे. बाहेर जाणारा माणूस संध्याकाळ विकत घेतो, गव्हाची जात नाही. चिंचगुळ बरोबर बोलल्या, तिथली गर्दी बघा, लोक सुखी आहेत, दुःखी फक्त या धाग्यावर आहेत.

लसूणप्रेमी
गर्दी म्हणजे चव चांगली असं असतं तर आरटीओच्या कँटीनला पुरस्कार मिळाला असता. लोकांना दुसरं काही मिळत नाही म्हणून ते येतात आणि लोक येतात म्हणून ते सुधारत नाहीत. आणि प्लेट परत पाठवायची आपल्याला लाज वाटते. कच्चा म्हणून परत पाठवतात म्हणताय ना, मग लगदा म्हणूनही पाठवू दे की चार लोकांना.

बरं जुना_कॉमी, एकच सांगा, अशा ठिकाणी जायचंच झालं तर मागवायचं काय?

जुना_कॉमी
लाकडाची भट्टी असेल तर पिझ्झा. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साडेचारशे डिग्रीच्या आसपास ६० ते ९० सेकंदांत होतो, तो आधी भाजून ठेवण्यात काही फायदाच नाही, त्यामुळे ताजा मिळण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे भट्टी एवढी तापवत नाहीत, तीन-चार मिनिटं लागतात, तरी ऑर्डरनंतरच लागतो. मेनू आठ पानी असेल आणि त्यात नाचोज, थाई करी पण असेल तर पास्त्याच्या वाटेला जाऊ नका. जायचंच तर वीकडेला लवकर जा आणि ऑर्डर देतानाच सांगा, पास्ता ताजा उकळून हवाय, पंधरा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. आत शिव्या घालतील पण करतील.

चिंचगुळ
आणि त्या पंधरा मिनिटांत मुलं काय खाणार, टेबलक्लॉथ?

टवाळ
गार्लिक ब्रेड. २६५ रुपये, अधिक सर्व्हिस चार्ज.