अनुभव धागा : वही समोर नव्हती तेव्हा

मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या, तेव्हा सातवीच्या गणिताच्या वह्यांचा गठ्ठा मी तपासण्यासाठी ठाण्यातील घरी आणलेला होता. दिवाळी उलटली तरी तो माझ्या कपाटावरच होता. त्या काळातील शिकवण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण चर्चा बहुधा नेटवर्क आणि मोबाइल यांच्यापाशीच थांबली. मला शिक्षकांना एकच विचारायचे आहे : मूल समोर नसताना त्याला समजले आहे की नाही, हे तुम्ही कसे ओळखत होता, आणि त्यासाठी शिकवण्यात काय बदललेत? ठाणे आणि नवी मुंबईतील अनुभव वाचायला विशेष आवडतील. प्रारंभ माझ्यापासून करते.

दोन उंच डब्यांवर आडव्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावर मोबाइल पालथा घालायचा आणि खाली कागदावर कंपासने त्रिकोण काढून दाखवायचा, ही माझी फळा-खडूची सोय होती. 'कळले का?' असे विचारले की 'हो बाई' हे शब्द पडद्यावर भराभर उमटत. वर्गात 'हो बाई' म्हणणाऱ्या मुलाची पेन्सिल काय म्हणते, हे बाकांमधून फिरताना दिसत असे. येथे ते दिसत नव्हते. पहिल्या गृहपाठाची २८ छायाचित्रे आली आणि त्यांतील १९ त्रिकोणांमध्ये एकच कोन तितक्याच चुकीच्या अंशांचा निघाला. मग मी त्रिकोणाचा पाया हजेरी क्रमांकावर सोपवला : क्रमांकातील शेवटचा अंक अधिक पाच, तितके सेंटिमीटर. नक्कल करायची म्हटली तरी बहुतेकांना त्रिकोण नव्याने काढावाच लागे. कंसांच्या खुणा पुसायच्या नाहीत, हा दुसरा नियम केला, कारण हाताने कोणता क्रम धरला हे उत्तरापेक्षा त्या खुणांवरूनच कळते.

तुर्भे, महापालिका शाळेतील प्राथमिक शिक्षक

माझ्या तिसरीच्या वर्गातील बहुतेक पालक वाशीच्या बाजार समितीत हमाली करणारे, उरलेले दगडखाणीत किंवा घरकामाला जाणारे. घरात मोबाइल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्यामुळे सकाळचा वर्ग भरवण्यात काहीच अर्थ नव्हता. टाळेबंदीत काही कुटुंबे जालना आणि बीडकडे आपापल्या गावी निघून गेली, तीही याच वर्गातील. मी रात्री साडेआठनंतर रोज चार मुलांना साधा फोन करू लागलो. मूल पुस्तक उघडून वाचे आणि मी ऐके. वाचन इतके सुरेख येई की मी स्वतःवरच खूष होतो. एके रात्री एका मुलीला मी मधूनच पुढचे पान उलटायला सांगितले, तर कागदाचा आवाज आला, पण वाचन मात्र आधीच्याच पानाचे चालू राहिले. मोठ्या बहिणीने तिच्याकडून धडा तोंडपाठ करून घेतला होता. बहिणीचे श्रम खरे होते, म्हणून मी रागावलो नाही. पुस्तक तेवढे बंद केले. दुसऱ्या दिवसापासून मुले घरात जे छापील सापडेल ते वाचू लागली : विजेचे बिल, बिस्किटाचा पुडा, भिंतीवरची दिनदर्शिका. बिलावरचे 'ग्राहक क्रमांक' हे दोन शब्द ज्याला अडखळत का होईना वाचता आले, त्याची जोडाक्षरांशी ओळख झाली, असे मी मानू लागलो. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, तेव्हा ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी संच होता त्यांच्याशी बोलायला आणखी एक विषय मिळाला.

येऊर, पाड्यांवर शिकवणारी शिक्षिका

आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी रेंजच मिळत नव्हती, म्हणून निर्बंध सैल होताच आम्ही डोंगर चढून गेलो आणि अंगणात पाच-सहा मुलांना अंतराने बसवले. मूल समोरच होते. त्याचा अर्धा चेहरा मात्र मास्कखाली होता.

कोपरखैरणे, दहावीचा वर्गशिक्षक

आमचा पेच ओळखण्याचा नव्हता, गुणांत मांडण्याचा होता. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकालाची विभागणी नववीचे ५०, दहावीतील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा तत्सम कामाचे २० गुण अशी ठरली. या मुलांची नववीची वार्षिक परीक्षादेखील टाळेबंदीत रद्द झालेली होती. मी वर्षभर एका जाड वहीत फोनवरच्या प्रत्येक बोलण्याची तारखेनिशी नोंद ठेवली होती, केवळ सवय म्हणून. गुण भरताना तीच कामी आली. ज्यांचा फोनच लागत नव्हता, त्यांची पाने कोरी होती, आणि कोऱ्या पानाला किती गुण द्यायचे यावर आमच्या शिक्षककक्षात जितकी भांडणे झाली तितकी एरवी कधी झाली नसतील.

ठाणे, कर्णबधिर मुलांची शिक्षिका

आमची मुले ओठ वाचतात. पडद्यावर चित्र क्षणभर गोठले की त्यांच्या दृष्टीने वाक्यातील शब्दच गळून पडतो. 'प' आणि 'ब' ओठांवर एकसारखेच दिसतात. शाळेत मी मुलाचा हात माझ्या गळ्यावर ठेवून 'ब' चे कंपन जाणवून देते. ते काम मला आयांवर सोपवावे लागले. एका वेळी तीनच मुले घेतली, प्रत्येकाशेजारी आई बसवली आणि आधी आयांनाच दोन आठवडे शिकवले. पुढे शाळा उघडल्यावर पारदर्शक मास्क वापरून पाहिले. त्यांच्यावर वाफ धरे आणि दर पाच मिनिटांनी ओठ दिसेनासे होत.

वाशी, कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे शिक्षक

स्वयंपाकघरातील हळद, सोडा आणि लिंबू यांच्यावर आम्लारींचा धडा निभावतो, अनुमापन (एका द्रावणात दुसरे मोजून सोडत त्याचे प्रमाण काढणे) निभावत नाही. मी रिकाम्या प्रयोगशाळेत चित्रफीत तयार केली : ऑक्झॅलिक आम्लाच्या गरम द्रावणात पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. परमँगनेट गडद असल्याने ब्यूरेटमध्ये, म्हणजे ज्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून ते सोडतात तिच्यात, त्याच्या खोलगट पृष्ठभागाची वरची कड वाचावी लागते, हेही सांगितले. प्रश्नमंजूषेत जवळजवळ सर्वांची उत्तरे बरोबर आली. वर्ग पुन्हा भरले, तेव्हा मी ब्यूरेट प्रत्यक्ष हातात दिले. वरची कड वाचायची, हे सर्वांना पाठ होते; तरीही एकाच ब्यूरेटचे पाच जणांनी पाच आकडे सांगितले, कारण कोणी उभ्यानेच पाहत होते तर कोणी टाचा उंचावून. पातळीच्या रेषेत डोळा नेण्याचे काम चित्रफितीत कॅमेऱ्याने केले होते.