निरगुडीचा पाला, आईचा गुडघा आणि उंदराची उडी

कर्वेरोडी (धागाकर्ता)

आईच्या गुडघ्याला रोज संध्याकाळी निरगुडीचा पाला बांधायचा, हा आमच्या घरचा तीन वर्षांचा नेम. पाला कालव्याच्या कडेहून मी आणतो. ती तो तव्यावर थोडं एरंडेल घालून परतते, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी करते आणि गुडघा शेकते. अर्ध्या तासाने "उतरलं रे" म्हणते आणि मालिका बघायला बसते. गोळीचं नाव काढू देत नाही.

माझी अडचण अशी की मी एम.फार्म. आहे आणि माझा प्रबंध याच झाडावर होता. कॉलेजचं नाव घेत नाही. ५५ अंशांना तापवलेली धातूची पट्टी, तिच्यावर काचेचं नळकांडं, आत पांढरा उंदीर. त्याने मागचा पाय चाटला किंवा उडी मारली की स्टॉपवॉच बंद करायचं. पंधरा सेकंदांत काहीच केलं नाही तर पाय भाजायच्या आत उचलून घ्यायचा. अर्क पाजलेले उंदीर साध्या उंदरांपेक्षा उशिरा उडी मारायचे. मी लिहिलं, "लक्षणीय वेदनाशामक परिणाम".

लिहिलं नाही ते असं: ते उंदीर पेंगत होते. पेंगणारा उंदीर उडी उशिराच मारणार. ती शंका फेडायला फिरत्या दांड्याची चाचणी असते. गुंगीतला उंदीर दांड्यावरून घसरतो, शुद्धीतला तग धरतो. आमचं ते यंत्र बंद पडलेलं होतं, दुरुस्तीचं बिल मंजूर होत नव्हतं, म्हणून ती चाचणी गाळली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याबद्दल विचारलंही नाही. चहा बाकी उत्तम होता.

तेव्हापासून डोक्यात एक किडा आहे. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क पोटातून द्यायचा, आणि माणसाने मात्र पाला बाहेरून बांधायचा. यांचा संबंध काय? चण्याच्या डाळीचा अर्क टोचून पुरणपोळीची चव ठरवण्यातला हा प्रकार. माझं मत: शेकाची चाचणी व्हायलाच हवी, पण माणसावर, आणि आई करते तसाच शेक घेऊन. तोवर "हजारो वर्षांचं शास्त्र" हेही नको आणि "सगळं थोतांड" हेही नको. बोला.

सदाशिवी वैद्य

धागा प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिकपणेच विरोध करतो. तुम्ही उंदराची चाचणी नाकारता, पण तिच्यामागचा विचार तसाच ठेवता. "निरगुडी दुखणं थांबवते का" हा प्रश्नच आमच्याकडे असा विचारत नाहीत. कोणाचं दुखणं? आमाचं (अर्धवट पचलेल्या अन्नातून साठलेल्या दोषाचं) की नुसत्या वाताचं? गुडघ्याला सूज आहे, स्पर्श गरम आहे, तर मी तेल आणि शेक दोन्ही बंद करीन. कोरडा, कटकट वाजणारा गुडघा असेल तर आधी स्नेहन (तेल), मग स्वेदन (शेक). तुमच्या चाचणीत हे दोन्ही रुग्ण "गुडघेदुखी" या एकाच रकान्यात जाणार. एकाला उतार पडेल, दुसऱ्याला त्रास होईल, सरासरी शून्य येईल आणि तुम्ही झाड नापास कराल.

भावप्रकाश या ग्रंथात निर्गुंडी शूल (दुखणं), शोथ (सूज) आणि आमवातावर सांगितली आहे. ज्याने ती पाहिली, वापरली, त्याने लिहिली.

आकडेमोड

वैद्यबुवा, ग्रंथाचाच दाखला द्यायचा तर पुरता द्या. चरकाने वेदनास्थापन, म्हणजे दुखणं शमवणाऱ्या, दहा द्रव्यांचा गण दिलाय. त्यात शाल, कट्फल, कदंब, शिरीष, अशोक वगैरे आहेत, निर्गुंडी नाही. ती क्रिमिघ्न, म्हणजे जंत मारणाऱ्या, गणात आहे. म्हणजे भावप्रकाश येईपर्यंत, सोळाव्या शतकापर्यंत, मतं बदलत होती. शास्त्र बदलत होतं याचा मला आनंदच आहे. मग ते आता का थांबवायचं?

आता कर्वेरोडींच्या आईंकडे येतो. गरम फडक्यानेही दुखणं उतरतं. नुसतं बसल्यानेही उतरतं. शिवाय माणूस शेकायला कधी बसतो? दुखणं कळसाला पोचलं की. कळसावरून ते खालीच येणार, पाला बांधा नाहीतर कोबीचं पान बांधा. निरगुडीचं श्रेय काढायचं तर गरम पाल्याची तुलना तितक्याच गरम दुसऱ्या पाल्याशी करा.

मुळशीची सून

तुम्ही लोक फार बोलता. आमच्याकडे बांधाला निरगुडीचंच कुंपण असतं, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात पाला, धान्याच्या कणगीत पाला, भातलावणी करून कंबर धरली की पाला. सासूबाई म्हणायच्या, आषाढातला पाला पाणचट, उन्हाळ्यातला कडक. तुमच्या प्रयोगात पाला कुठल्या महिन्यातला घेणार, ते आधी ठरवा.

आणि आकडेमोड काकांनी "कोबीचं पान" म्हटलंय, त्यांनी चार दिवस चिखलात वाकून लावणी करून दाखवावी. संध्याकाळी काय मागतात ते बघू.

आकडेमोड

ताई, संध्याकाळी मी गोळीच मागीन. 😀 पण महिन्याचा मुद्दा एक नंबर. पाल्यातलं सुगंधी तेल ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे आषाढी पाला आणि वैशाखी पाला यांना एकच औषध म्हणता येणार नाही.

पाचपर्णी

त्याआधी एक मूलभूत शंका. तो पाला निरगुडीचाच आहे ना? निरगुडीच्या, म्हणजे व्हायटेक्स नेगुंडोच्या, पानाला बहुधा पाच पर्णिका असतात, पण त्याच झुडपावर तीनवालीही सापडतात. जवळची व्हायटेक्स ट्रायफोलियाही बाजारात निर्गुंडी म्हणूनच खपते. पान उलटून बघा, खालची बाजू पांढुरकी, लवदार हवी. रास्ना या वातावरच्या दुसऱ्या वनस्पतीचा गोंधळ तर जगजाहीर आहे. उत्तरेत प्लुचिया, दक्षिणेत कुळिंजनाचा भाऊ, बंगालात झाडावर वाढणारं वांडा नावाचं ऑर्किड, आणि तिघांच्या काढ्यावर नाव एकच. फांदी घेऊन पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जा, ओळख पटवून देतात. निम्म्या प्रबंधांत हेच केलेलं नसतं.

आणि कालव्याकडेच्या पाल्यावर गाड्यांचा धूर बसतो, धुवून घ्या.

बोका

उंदरांना भाजायचं आणि वर यंत्र बंद होतं म्हणून निष्कर्षही फुकट. म्हणजे ते उंदीर कशासाठी मेले? धागाकर्त्याने हे एका वाक्यात उडवलं, मला ते खटकलं.

कर्वेरोडी

बोका, बरोबर आहे. उडवायला नको होतं. प्राणी-नीती समितीच्या अर्जात मी उंदरांची संख्या लिहिली होती, त्यांचं काय झालं ते इथेही लिहायला धीर होत नाही.

सदाशिवी वैद्य

आकडेमोडसाहेब, चरकाचा गण बरोबर सांगितलात, मान्य. पण गणात नाव नाही म्हणजे गुण नाही, असं होत नाही. ते दहा जण नमुन्यादाखल असतात.

आणि "गरम फडक्यानेही उतरतं" हे तुम्ही आरोपासारखं म्हणता. उतरतं ना? मग आमचं काय चुकलं? १९७८ साली अमेरिकेत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर दाखवलं की नुसत्या विश्वासाने उतरलेलं दुखणं नॅलोक्सोन दिलं की परत येतं. नॅलोक्सोन अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवतं. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःचंच वेदनाशामक सोडतं. त्याला "मनाचे खेळ" म्हणून हिणवायचं कारण नाही. तव्यावर पाला परतण्याचा वास, फडकं, मुलाने आणून दिलेली फांदी हे सगळं मिळून उपचार आहे. तुम्ही त्यातलं एकेक काढत गेलात तर शेवटी हातात काय उरणार?

आकडेमोड

शेवटी जे उरेल तेच निरगुडीचं. बाकीचं मुलाचं आणि तव्याचं. तेही मोलाचं आहे, पण मग तीनशे रुपयांना तेलाची बाटली विकताना लेबलवर "आईची माया" लिहा, "निर्गुंडी" कशाला?

दुसरी खेप

तुम्हा दोघांनाही पुण्यातलंच उदाहरण आठवत नाही याचं नवल वाटतं. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या पुढाकाराने, डॉ. भूषण पटवर्धन वगैरेंच्या सोबतीने, गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदिक औषधांची चाचणी झाली. ४४० रुग्ण, सहा महिने, कोणाला काय मिळतंय ते रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक नाही. एका बाजूला सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई गुग्गुळ यांची मिश्रणं, दुसऱ्या बाजूला ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठी घेतात ते पूरक) आणि सेलेकॉक्सिब (वेदनाशामक गोळी). २०१३ साली 'ऱ्हुमॅटॉलॉजी' नियतकालिकात निष्कर्ष आला: आयुर्वेदिक औषधं त्यांच्या तोडीची. तपासता येत नाही म्हणणाऱ्या वैद्यांना आणि थोतांड म्हणणाऱ्यांना एकाच वेळी उत्तर मिळालं, तेही इथूनच.

आकडेमोड

आठवतं. पण तिथे औषधच नसलेल्या पोकळ गोळीचा गट नव्हता. ग्लुकोसामाइनचा स्वतःचाच उपयोग वादात आहे. त्याच्या तोडीचं ठरणं म्हणजे नापास मुलाइतके गुण मिळवण्याचीही शक्यता आहे. आणि आयुर्वेदिक गटांतल्या सात जणांचं यकृताचं एन्झाइम, एसजीपीटी, वाढलं होतं. औषध थांबवल्यावर ते उतरलं, त्रास कोणाला झाला नाही. पण हे सात जण सापडले कशामुळे? रक्त तपासत होते म्हणून. घरी काढा उकळणाऱ्याचं रक्त कोण तपासतं?

दुसरी खेप

सेलेकॉक्सिब नापास मुलगा नाही, तेवढं मान्य करा. आणि ते सात जण लपवले नाहीत, छापले. चाचणीची गरज याहून चांगली कशी सांगणार?

निवृत्त पण दुखणाईत

वय ७१, दोन्ही गुडघे, बिबवेवाडी. पोटदुखी होईपर्यंत गोळ्या खाल्ल्या, मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलं, डॉक्टरांनी सगळ्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या. मग कोणीतरी "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुड्या दिल्या. आठ दिवसांत मी जिना धावत चढलो. दोन महिन्यांत चेहरा सुजला, साखर ३०० च्या वर. पुडीत स्टेरॉइड होतं, असं दुसऱ्या डॉक्टरांचं मत पडलं. त्यामुळे सगळ्या पंडितांना विनंती, बाहेरून बांधायचा पाला आणि पोटात जायची पुडी यांना एका तागडीत घालू नका. पाल्याने फार तर कातडी लाल होईल. मला शेकाने बरं वाटतं. ते निरगुडीमुळे की बायको शेजारी बसते म्हणून, हे कळलं नाही तरी माझं काही अडत नाही.

मुळशीची सून

काका, काळजी घ्या. पुडीवाल्याला पकडायला हवं होतं.

सदाशिवी वैद्य

असल्या पुडीवाल्यांमुळे आम्हाला मान खाली घालावी लागते. या एका बाबतीत मी आकडेमोडांच्या बाजूचा. पोटात जाईल ते तपासाच. पण शेक तपासायला निघालात तर रुग्ण मी निवडणार, सुजलेले, गरम गुडघे बाजूला काढून. ही अट मान्य असेल तर माझा विरोध नाही.

आकडेमोड

मान्य. निवड तुमची, वाटणी माझी. चिठ्ठ्या टाकून.

कर्वेरोडी

इथे दोन दिवस वाद चालला होता, तोवर मी घरी करून पाहिलं. एकच रुग्ण, आई. चौदा संध्याकाळी, नाणं उडवून ठरवायचं: छापा आला तर निरगुडी, काटा आला तर एरंडाचा पाला. तवा तोच, एरंडेल तितकंच, फडकं तेच. पुरचुंडी मी स्वयंपाकघरात बांधणार, ती बाहेर. शेकून झालं की तिने दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करायची. डावं टोक "काहीच नाही", उजवं "सहन होत नाही".

पहिल्याच संध्याकाळी काटा आला. पुरचुंडी गुडघ्याला टेकली आणि आई म्हणाली, "हा एरंड आहे. मला काय खुळी समजलास?" निरगुडीचा तो उग्र वास लपणार कसा! तिने रेघेच्या उजव्या टोकाबाहेर खूण केली, भिंतीवर गेली असती.

म्हणून विचारतो, वास कसा मारायचा? दोन्हींत कापूर घालू?

आकडेमोड

कापूर नको, तो स्वतःच कातडीवर चुरचुरून दुखणं दाबतो. मग कापूर विरुद्ध कापूर अशी चाचणी होईल.

पाचपर्णी

ओवाही नको, त्याच कारणाने. हिंग?

मुळशीची सून

आईंच्या गुडघ्याला हिंगाची फोडणी देणार का आता?

निवृत्त पण दुखणाईत

सोपं आहे. आईला सर्दी होईपर्यंत थांबा. नाक बंद, प्रयोग चालू.

कर्वेरोडी

काका, तुमच्या तोंडात साखर पडो (मधुमेह सांभाळून). परवाच्या पावसात भिजून आईला सणसणीत सर्दी झाली. मी आनंदाने नाणं काढलं, तवा चढवला. ती डोक्यावरून टॉवेल घेऊन आली आणि म्हणाली, "गुडघ्याचं राहू दे आज. पातेल्यात पाणी ठेव आणि त्या निरगुडीचा वाफारा दे आधी."