चारी इंडिकेटर लागत नसतील तर रिकॉल, की नुसती सर्व्हिस?

घाटवाला_कराड
पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो. रात्रीचे साडेदहा, धो धो पाऊस, आणि क्लच गेला. गाडी कडेला घेतली, लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. टक टक आवाज सुरू, समोर हिरवे बाण लुकलुकतायत, म्हणून निवांत फोन लावत बसलो. बायको छत्री घेऊन मागे गेली आणि ओरडली, "अहो, मागे काहीच लागत नाहीये!" गाडीमागे रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण डिकीत बॅगांच्या खाली. तो काढेपर्यंत दोन ट्रक अगदी घासून गेले.
सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "या लॉटमध्ये मागच्या कनेक्टरला पाणी जातं, फुकट बदलून देतो." छान. पण त्या लॉटच्या बाकीच्या गाड्यांना कोण सांगणार? नोव्हेंबर 2025 मध्ये मारुतीने पेट्रोलचा काटा आणि त्याचा इशारा दिवा चुकतो म्हणून 39,506 ग्रँड विटारा परत बोलावल्या. काट्यासाठी रिकॉल होतो, मग चारी इंडिकेटरसाठी का नको?

गॅरेजवाले_नाना
माझ्याकडे इंडिकेटरच्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या गाड्यांना बाहेरून एलईडी बसवलेले असतात. वायर कापायची, चिकटपट्टी गुंडाळायची, मग कंपनीच्या नावाने शंख. आणि आपल्याकडे पार्किंग लाइट, म्हणजे हेच चारी इंडिकेटर, वापरतात कशाला? चौकात सरळ जायला! पावसात चालत्या गाडीला चारी लावून लेन बदलणारे तर विचारूच नका.

घाटवाला_कराड
नाना, माझी गाडी कंपनीतून आली तशीच आहे, बल्बसुद्धा बदललेला नाही. चौकातल्या शहाण्यांमुळे माझा कनेक्टर माफ कसा होतो?

क्वालिटीत_होतो
वीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या तपासणीत काढली, म्हणून विरोधात लिहितो. प्रत्येक बारीकसारीक दोषाला रिकॉल काढला तर लोक पत्र न वाचताच रद्दीत टाकतील, आणि एअरबॅगच्या पत्राचंही तेच होईल. अमेरिकेत ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगने माणसं मेली, तरी कित्येकांनी गाड्या वर्षानुवर्षं नेल्याच नाहीत. सर्व्हिसला येईल तेव्हा गुपचूप बदलणं जास्त गाड्यांपर्यंत पोचतं.

सेकंडहँड_सई
कुणाच्या सर्व्हिसला, दादा? मी पाच वर्षांची गाडी घेतली आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजला नेते. पत्र गेलं तर पहिल्या मालकाला. रिकॉल जाहीर झाला तर निदान चासी नंबर टाकून बघता तरी येतं. 'गुपचूप'मध्ये माझ्यासारखीचा नंबर कधी लागणार?
आणि अमेरिकेचंच काढलंत म्हणून, तिथे फेब्रुवारी 2024 मध्ये टेस्लाने सुमारे 22 लाख गाड्या रिकॉल केल्या होत्या. कारण? डॅशबोर्डवरच्या इशारा दिव्यांची अक्षरं बारीक!

क्वालिटीत_होतो
ते सॉफ्टवेअर होतं, गाडी घरी उभी असतानाच दुरुस्त झालं. कनेक्टरला बंपर उतरवावा लागतो. पण चासी नंबरचा मुद्दा मान्य.

काळा_कोट
कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं, नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. दोष म्हणजे फक्त आत बसलेल्यांना धोका असं नाही, रस्त्यावरच्या इतरांना असला तरी चालतो. चारी इंडिकेटर असतातच मागून येणाऱ्यासाठी, तेव्हा ते यात बसतात असं माझं मत.
पण यंत्रणा हलते ती मालकांच्या तक्रारींवर. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंद करायची, विक्रीच्या हिशेबात ठरलेला आकडा भरला की चौकशी. घाटवाले, तुम्ही नोंद केलीत का?

घाटवाला_कराड
नाही हो. फुकट झालं म्हणून गप्प बसलो. आत्ता जॉबकार्ड काढून बघतोय, त्यावर नुसतं 'जनरल चेकअप' लिहिलंय.

गॅरेजवाले_नाना
मग उद्याच जा आणि 'मागचा कनेक्टर बदलला, आत पाणी होतं' असं लिहून शिक्का घ्या. जुना कनेक्टर दिलाय का तुम्हाला? मागून घ्या, फेकला नसेल तर.